खेळाडू आणि शिपाई : लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र अधिकारी

प्रस्तुत लेखाचें शीर्षक पाहून या त्रैमासिकाचे नित्याचे वाचक किंचित् थबकतील याची मला जाणीव आहे. जेथें सनदा, महजर, करीने आणि बखरी यांची चिकित्सा व्हावयाची, तेथें चेंडूफळीचा एक खेळाडू कोठून आला, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे, त्याच्याविषयीं अस्सल कागद आणि ऐकीव आख्यायिका अशीं दोन्ही साधनें एकाच वेळीं उपलब्ध आहेत, व तीं ताडून पाहण्याचें काम आपण इतरत्र जसें करतों तसेंच येथेंही करावें लागतें. क्रिकेटचा धांवफलक हा एक प्रकारचा रोजकीर्दीचा कागद आहे. तो घटना घडत असतांनाच लिहिला जातो, दोन निरनिराळे लेखक तो लिहितात आणि शेवटीं दोघांची बेरीज जुळावी लागते. पेशवे दप्तरांतील कितीशा कागदांविषयीं इतकें म्हणतां येईल?

खेळाडू आणि शिपाई हीं दोन्ही नातीं एका देहांत नांदलेलीं पाश्चात्यांच्या इतिहासांत पुष्कळ आढळतात. स्कॉटलंडच्या फुटबॉलचा आरंभकाळ पाहावा. त्या खेळाचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने झाले तेव्हां स्कॉटलंडच्या बाजूनें उभे राहिलेल्या गड्यांत लष्करी पेशाचीं माणसें होतीं. त्यांतील हेन्री रेनी-टेल्यूर हा तर आपल्या मसुरीस १८४९ सालीं जन्मलेला. हा रॉयल इंजिनिअर्स पलटणीचा अंमलदार. ८ मार्च १८७३ रोजीं लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्यानें केलेला गोल हा अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांतील स्कॉटलंडचा पहिला गोल होय. त्याच्या आदल्या वर्षीं तो रग्बीही स्कॉटलंडकडून खेळला होता. पुढें १८७५ सालीं त्याच्या पलटणीच्या संघानें त्याच मैदानावर एफ. ए. चषक जिंकला. तो लष्करांत कर्नल झाला आणि १९२० सालीं वारला. त्याची व त्याच्यासारख्यांची आठवण तिकडे टिकली, कारण तिकडे शाळांनीं, पलटणींनीं आणि क्रीडामंडळांनीं आपापलीं दप्तरें राखलीं.

हिंदुस्थानांत फुटबॉलचा खेळ रुजला तोही या पलटणींच्याच द्वारें. सर मॉर्टिमर ड्युरंड यांनीं सिमल्यास १८८८ सालीं आपल्या नांवाचा चषक ठेवला, तेव्हां पहिल्या अंतिम सामन्यांत रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि हायलंड लाइट इन्फंट्री या दोन्ही स्कॉटिश पलटणीच समोरासमोर होत्या. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ सालचा, व तोही प्रथम गोऱ्या पलटणीनेंच नेला. या साऱ्या काळांत एतद्देशीय खेळाडू खेळूं लागला होता, पण एतद्देशीय खेळाडूस लष्करी अंमलदार होण्याची वाट मात्र बंद होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत हिंदी माणसास बादशाही सनदेचा लष्करी हुद्दा जवळजवळ मिळतच नसे. डेहराडूनचें लष्करी विद्यालय निघालें तें १९३२ सालीं. रेनी-टेल्यूरसारखें आयुष्य आपल्याकडे कोणाच्या वांट्यास आलें असेल तर तें त्यानंतरच्याच पिढीच्या. मराठी माणसांत तें ज्यांच्या वांट्यास पूर्णपणें आलें ते हेमचंद्र रामचंद्र अधिकारी, लोकांच्या तोंडीं ‘हेमू अधिकारी’.

‘पूर्णपणें’ हा शब्द मीं जाणून वापरला आहे. कारण अधिकाऱ्यांच्या आधीं व त्यांच्या काळीं नांवापुढें लष्करी हुद्दा असलेले नामवंत खेळाडू आपल्याकडे होतेच. कर्नल सी. के. नायडू हें नांव कोणास ठाऊक नाहीं? नागपुरास ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं जन्मलेल्या या पुरुषास १९२३ सालीं इंदूर दरबारचें बोलावणें आलें आणि होळकरांच्या फौजेंत कप्तानाचा हुद्दा मिळाला. पुढें ते कर्नल झाले. १९२६ सालीं मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लिश पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनीं केलेल्या १५३ धांवा व त्यांतील अकरा षट्कार यांची कथा अजून सांगतात. १९३२ सालीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हां कर्णधारही तेच. तसेच सांगलीचे विजय हजारे. त्यांस देवास थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंह पवार यांनीं पदरीं ठेवून आपल्या फौजेंत कप्तान केलें. हेच विक्रमसिंह १९४७ सालीं शहाजी छत्रपति या नांवानें कोल्हापुरच्या गादीवर बसले, हें वाचकांस सांगावयास नकोच.

या हुद्द्यांची किंमत काय? माझें मत असें कीं नायडू व हजारे यांचे लष्करी हुद्दे हे दरबारी आश्रयाचे प्रकार होते. पूर्वीं सरदार लोक नामांकित मल्लास पदरीं ठेवीत, त्याचा खुराक चालवीत आणि त्याला एखाद्या पागेंत वा खासगींत नेमून देत. त्याच रीतीचा हा विसाव्या शतकांतला अवतार. यांत कमीपणा कांहींच नाहीं. बडोदें आणि इंदूर या दोन दरबारांनीं असा आश्रय दिला नसता तर मार्च १९४७ मध्यें बडोद्याच्या मैदानावर गायकवाडांचा संघ व होळकरांचा संघ रणजी चषकासाठीं झुंजले नसते, आणि हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांची ५७७ धांवांची भागीदारीही झाली नसती. परंतु आश्रय निराळा आणि चाकरी निराळी. संस्थानी फौजेंतला कर्नल मैदान सोडून बराकींत गेला नाहीं तर कोणी विचारीत नसे. सरकारी पलटणींतल्या अंमलदारास मात्र रजेचा अर्ज करावा लागतो.

फौजेफौजेंतला हा भेद आमच्या हिंगोलीकरांस तरी समजावून सांगावा लागूं नये. इ. स. १८१९ च्या जानेवारींत नोवसाजी नाइकाच्या नाव्ह्याच्या गढीस मेजर पिटमन यानें वेढा घातला व महिन्याअखेर ती घेतली. त्याच सालापासून हिंगोलीस जी छावणी पडली ती १९०३ पर्यंत राहिली. ही फौज नांवानें निजामाची, पैसा निजामाचा, पण अंमल इंग्रजांचा. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो तिच्याच खर्चापायीं. म्हणजे एकाच संस्थानच्या नांवानें उभ्या असलेल्या फौजांत एक शोभेची आणि दुसरी लढाईची, असे दोन प्रकार एका वेळीं होते. १९०३ सालीं ही ‘कंटिंजंट’ हिंदी लष्करांत विरघळली. तिच्या पायदळ पलटणी १९२२ नंतर ‘एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट’ म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या आणि १९४५ सालीं त्या रेजिमेंटचें नांव बदलून ‘कुमाऊं रेजिमेंट’ झालें. आजची कुमाऊं पलटण आपला वंश हिंगोलीच्या छावणीपर्यंत नेते, हें आमच्या गांवांतल्या फार थोड्या लोकांस ठाऊक आहे. मीं वर्गांत सांगितलें तेव्हां मुलें हंसलीं. असो.

आतां मूळ विषयाकडे वळूं. अधिकारी यांचा जन्म पुण्यास ३१ जुलै १९१९ रोजीं झाला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ते १९३६-३७ च्या हंगामांत, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षांत, उतरले. पहिला संघ गुजरातचा. नंतर बडोद्याकडून त्यांचें नांव झालें. मुंबईच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांच्या त्या काळांत ते हिंदूंच्या संघांतही खेळले. बुटका, चपळ बांधा, मनगटाचा उपयोग करून मारलेले फटके आणि कव्हरच्या जागेवरील क्षेत्ररक्षण यांबद्दल ते विशेष प्रसिद्ध होते. पुण्याच्या मातीतूनच वर आलेले दुसरे एक थोर फलंदाज, प्रा. दि. ब. देवधर, हे एस. पी. कॉलेजांत संस्कृत शिकवीत. माझ्यासारख्या संस्कृताच्या पंतोजीस त्यांचा अभिमान अधिक वाटावा हें साहजिक आहे. पण देवधरांस घडला नाहीं असा एक अन्याय अधिकाऱ्यांच्या पिढीस काळानेंच केला. ऑगस्ट १९३६ पासून जून १९४६ पर्यंत हिंदुस्थाननें एकही कसोटी सामना खेळला नाहीं. महायुद्धानें ही खिडकी बंद केली. अधिकाऱ्यांचीं सतरा ते सत्तावीस हीं वर्षें, फलंदाजाच्या आयुष्यांतलीं हीं सोन्याचीं वर्षें, नेमकीं त्या खिडकीआड गेलीं. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावरही त्यांची निवड झाली नाहीं.

याच दशकांत त्यांनीं लष्कराचा पेशा पत्करला. खेळाडू आधीं, शिपाई मागून, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. रेनी-टेल्यूर आणि त्याचे सोबती शिपाई होतांहोतां खेळले. त्यांची पलटण हाच त्यांचा संघ होता. अधिकारी मात्र नांवारूपास आलेला फलंदाज असतां वर्दी चढवून बसले, आणि त्यानंतर खेळ हा त्यांच्या चाकरीतून सवडीनें काढावयाचा वेळ झाला. त्यांच्या कसोटी सामन्यांची संख्या पाहावी : बारा वर्षांत एकवीस. ही संख्या पाहून कित्येक लेखक त्यांस ‘उपेक्षित’ म्हणतात. निवडसमित्यांच्या लहरीचा त्यांत वांटा असेल, तो मी नाकारीत नाहीं. पण ज्यानें दुसऱ्या धन्याची चाकरी मान्य केली होती त्याच्या गैरहजेरीचा सगळा दोष पहिल्या धन्याच्या माथीं मारणें हें कागदांस धरून होणार नाहीं.

पहिला कसोटी सामना त्यांस मिळाला तो स्वातंत्र्यानंतर लगेच, २८ नोव्हेंबर १९४७ रोजीं, ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें. वय अठ्ठावीस. पावसानें बिघडलेल्या खेळपट्टीवर आपला संघ ५८ आणि ९८ धांवांत उखडला गेला. तो आरंभ कोणासही धीर देणारा नव्हता. त्याच दौऱ्यांत जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवांचा डोंगर उभा केला, ब्रॅडमननें द्विशतक काढलें, आणि आपल्यास पाठोपाठ दुसरा डाव घ्यावा लागला. या सामन्याची आठवण निघाली म्हणजे हजाऱ्यांचीं दोन्ही डावांतलीं शतकें (११६ व १४५) सांगितलीं जातात आणि तें योग्यच आहे. परंतु दुसऱ्या डावांत पडझड चालू असतां लिंडवॉलच्या तोफखान्यापुढें हजाऱ्यांच्या जोडीस उभा राहिला तो अधिकारी. सातव्या गड्यासाठीं दोघांनीं १३२ धांवांची भर घातली, त्यांत अधिकाऱ्यांच्या ५१. एक देवासचा माजी कप्तान, दुसरा हिंदी लष्कराचा अंमलदार. दोघेही मराठी.

येथून पुढें त्यांच्या खेळाचा इतिहास एका विलक्षण रीतीनें एकाच जागेभोंवतीं फिरतो. ती जागा म्हणजे दिल्लीचें फिरोजशहा कोटला मैदान. फिरोजशहा तुघलखानें चौदाव्या शतकांत बांधलेल्या किल्ल्याच्या शेजारचें हें मैदान पुराणवस्तुप्रेमी वाचकांस निराळ्या कारणासाठीं परिचयाचें असेल. अंबाल्याजवळच्या टोपऱ्याहून सुलतानानें उचलून आणविलेला अशोकाचा स्तंभ तेथून हांकेच्या अंतरावर उभा आहे. अधिकाऱ्यांच्या आयुष्यांतले तीन निर्णायक सामने येथें झाले, आणि तिहींचे धांवफलक सुदैवानें पूर्ण आहेत.

पहिला नोव्हेंबर १९४८ चा. दिल्लींत झालेला हा पहिलाच कसोटी सामना. वेस्ट इंडीजनें ६३१ धांवा केल्या व त्यांच्या चौघांनीं शतकें काढलीं. आपला डाव ४५४ वर संपला. १७७ धांवांनीं मागें पडल्यामुळें त्या काळच्या नियमानें पुन्हां फलंदाजीस यावें लागलें. ४५४ मध्यें अधिकाऱ्यांच्या ११४, नाबाद. दुसऱ्या डावांत ६ बाद २२० वर सामना अनिर्णित सुटला, तेव्हांही अधिकारी २९ धांवांवर नाबाद उभे होते. दोन डाव आणि एकदांही बाद नाहीं. कसोटींतलें त्यांचें हें एकुलतें एक शतक. शतकापेक्षां दुसऱ्या डावांतले २९ मला अधिक बोलके वाटतात. सामना जिंकण्याची आशा नसतां केवळ हरूं द्यावयाचा नाहीं म्हणून उभें राहणें, ही फलंदाजी नव्हे, पहारा आहे.

दुसरा ऑक्टोबर १९५२ चा, पाकिस्तानचा पहिलावहिला कसोटी सामना. फाळणीस पांच वर्षें झालीं होतीं. त्यापूर्वीं त्याच वर्षीं उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें हजाऱ्यांच्या हाताखालीं अधिकारी उपकर्णधार म्हणून गेले होते. लीड्सला दुसऱ्या डावांत आपले चार गडी एकही धांव होण्यापूर्वीं बाद झाले, त्याच दौऱ्याची ही गोष्ट. तो डाग ताजा असतांना दिल्लीच्या या सामन्यांत आपले नऊ गडी २६३ वर गेले. उरला शेवटचा गडी गुलाम अहमद, हैदराबादचा गोलंदाज. फलंदाजीबद्दल त्याची कोणी वाहवा केलेली नव्हती. अधिकारी व गुलाम अहमद यांनीं शेवटच्या गड्यासाठीं १०९ धांवा जोडल्या. गुलाम अहमद ५० काढून बाद झाला, अधिकारी ८१ वर नाबाद राहिले, डाव ३७२ वर संपला. पाकिस्तानचे दोन डाव मिळून ३०२ झाले, विनू मंकडनें तेरा बळी घेतले आणि हिंदुस्थाननें एक डाव व ७० धांवांनीं सामना जिंकला. विजयाचें श्रेय मंकडास आहे, त्यांत वाद नाहीं. पण वाचकांनीं वजाबाकी करून पाहावी : शेवटची भागीदारी वगळली तर डावानें विजय उरत नाहीं. त्या भागीदारीचा भारतीय विक्रम बावन्न वर्षें टिकला. डिसेंबर २००४ मध्यें ढाक्यास तेंडुलकर व झहीर खान यांनीं १३३ धांवा जोडल्या तेव्हां तो मोडला.

तिसरा सामना फेब्रुवारी १९५९ चा. याच सामन्याभोंवतीं आख्यायिकेचें जाळें अधिक दाट आहे, म्हणून येथें थोडें थांबावें लागतें. वेस्ट इंडीजच्या त्या मालिकेंत आपल्या संघास पांच सामन्यांत चार कर्णधार झाले : मुंबईस उम्रीगर, कानपुर व कलकत्त्यास गुलाम अहमद, मद्रासेस मंकड आणि दिल्लीस अधिकारी. मद्रासच्या सामन्याच्या आदल्या दिवशीं उम्रीगरांनीं संघनिवडीच्या वादावरून कर्णधारपद सोडलें होतें. एका राज्यांत एका वर्षांत चार कारभारी झाले म्हणजे त्या राज्याची दशा काय असते हें आपल्या इतिहासाच्या वाचकांस सांगणें नलगे. मालिका हातची गेलीच होती. अशा वेळीं साडेएकोणचाळीस वर्षांच्या लष्करी अंमलदारास बोलावणें गेलें.

आख्यायिका अशी सांगतात कीं त्या वेळीं अधिकारी पंजाबच्या डोंगराळ भागांत धरमशाळेस नेमणुकीवर होते, खेळापासून दूर पडल्यामुळें त्यांनीं प्रथम नकार दिला, आणि पत्नीच्या आग्रहामुळें ते तयार झाले. या कथेंत अशक्य असें कांहीं नाहीं. धरमशाळा हें लष्कराचें जुनें ठाणें आहे, आणि घरांतल्या सल्ल्यानें मोठमोठे निर्णय फिरल्याचे दाखले आपल्या पत्रव्यवहारांत कमी नाहींत. परंतु ‘खेळापासून दूर पडल्यामुळें’ हा भाग मात्र जपून घ्यावा. लष्करी खात्यांचा ‘सर्व्हिसेस’ हा संघ १९४९-५० पासून रणजी चषकांत खेळूं लागला होता. अधिकारी त्याचे कर्णधार होते, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं हा संघ १९५६-५७ व १९५७-५८ अशीं सलग दोन वर्षें अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. एकदां मुंबईनें, एकदां बडोद्यानें त्यास हरविलें. नामांकित कसोटीपटूंचा भरणा नसलेल्या, बदल्यांमुळें दर हंगामीं मोडणाऱ्या संघास दोनदां तेथवर नेणारा माणूस दिल्लीच्या सामन्याच्या वर्षभर आधीं खेळांतून गेला होता, असें म्हणतां येणार नाहीं. सराव तुटला असेल तर तो फार तर कांहीं महिन्यांचा. बखरकारास नायक अज्ञातवासांतून प्रकट झालेला आवडतो, त्यांतलाच हा प्रकार दिसतो.

कागद काय सांगतो तें पाहूं. आपला पहिला डाव ४१५ : चंदू बोर्डे १०९, काँट्रॅक्टर ९२, उम्रीगर ७६, अधिकारी ६३. वेस्ट इंडीज ८ बाद ६४४. त्यांत अधिकाऱ्यांनीं स्वतः चेंडू हातीं घेऊन ६८ धांवांत तीन गडी बाद केले. आपला दुसरा डाव २७५ : बोर्डे ९६, अधिकारी ४०. सामना अनिर्णित. आतां यांतली एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. अधिकाऱ्यांनीं साऱ्या कसोटी आयुष्यांत मिळविलेले बळी तीनच, आणि ते तिन्ही या एका डावांतले. त्यापूर्वींच्या वीस सामन्यांत त्यांच्या हातून एकही कसोटी बळी पडला नव्हता. मुख्य गोलंदाज थकले असतां कर्णधारानें स्वतः पुढें व्हावें, हें करण्यास त्यांस कोणाचा हुकूम नको होता. सहा दिवसांत त्यांनीं फलंदाजी, गोलंदाजी व नेतृत्व हीं तिन्ही कामें उरकलीं, आणि त्यानंतर ते कसोटी सामना खेळले नाहींत. त्या उन्हाळ्यांत इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधार बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड होते, आणि त्या दौऱ्यांतले पांचही सामने आपण हरलों.

एकंदर हिशेब असा : २१ सामने, ८७२ धांवा, सरासरी ३१.१४, एक शतक. केवळ आंकडे पाहणाऱ्यास ही मध्यम प्रतीची कामगिरी वाटेल. परंतु ॲडलेड, दिल्ली, दिल्ली आणि पुन्हां दिल्ली अशा चार ठिकाणीं या धांवा कोणत्या घटकेस झाल्या हें ताडून पाहिलें म्हणजे सरासरीचा आंकडा मुका वाटूं लागतो. चारही प्रसंगीं संघ अडचणींत होता किंवा मोडकळीस आलेला होता.

शिपाईगिरीनें त्यांच्या खेळास काय दिलें, हा प्रश्न येथें सहज उत्पन्न होतो. इंग्रजांत एक वचन फार मिरवतें : वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, असें वेलिंग्टन म्हणाला म्हणे. हा वेलिंग्टन म्हणजे ज्यानें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आमच्या शेजारच्या असईस शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं लढाई दिली तोच. पण हें वचन त्याच्या हयातींत कोठें आढळत नाहीं. १८५२ सालीं तो वारल्यावर तें छापून प्रसिद्धीस आलें. थोर पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या तोंडीं वचनें घालण्याचा उद्योग केवळ आपल्याकडेच चालतो असें नाहीं. आपल्या प्राचीनांनीं या विषयाचा विचार अधिक रोकडेपणानें केला आहे. कौटिल्यानें राजाच्या व्यसनांची तुलना करतांना मृगयेची बाजू घेतली ती व्यायाम होतो, मेद झडतो आणि स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा अभ्यास होतो म्हणून. शाकुंतलांतला सेनापतिही दुष्यंतापुढें तीच बाजू मांडतो. दोघांनींही खेळाच्या अंगानें शिपायाचा फायदा पाहिला. अधिकाऱ्यांच्या बाबतींत मला उलट दिशा अधिक खरी वाटते. शिपायाच्या अंगानें खेळाडूचा फायदा झाला. बाद न होतां उभें राहणें, हरलेल्या बाजूस हात न सोडणें, वेळीं-अवेळीं आलेलें बोलावणें मानणें, या संवयी बराकींतल्या आहेत. नुकसानही झालें, तें सामन्यांच्या संख्येंत दिसतेंच.

लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत चढलेल्या या गृहस्थाचा खेळाशीं संबंध कसोटी थांबल्यानेंही सुटला नाहीं. त्यांनीं शिक्षक म्हणून तरुण खेळाडूंस शिकविलें. त्यांची शिस्त कडक असे, हें त्यांच्या हाताखालीं गेलेले सगळेच सांगतात, आणि येथें आख्यायिका व वस्तुस्थिति यांत अंतर नाहीं. १९७१ सालीं अजित वाडेकर यांचा संघ इंग्लंडला गेला तेव्हां संघाचे व्यवस्थापक म्हणून कर्नल अधिकारी बरोबर होते. त्या वर्षीं मी दहा-अकरा वर्षांचा होतों. आमची हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांतला तालुका. शेजारच्या घरीं रेडिओ होता, आणि त्याच्या भोंवतीं आम्हीं पोरें ओसरीवर दाटीनें बसलों होतों. २४ ऑगस्टच्या त्या संध्याकाळीं काय घडलें हें आम्हांस समजलें तें मोठ्या माणसांचे चेहरे पाहून. चंद्रशेखरनें ३८ धांवांत सहा गडी बाद करून इंग्लंडचा डाव १०१ वर कोसळविला होता व हिंदुस्थाननें इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी सामना आणि पहिली मालिका जिंकली होती. वर्तमानपत्रांत आलेल्या छायाचित्रांत विजयी खेळाडू ओळखूं येत होते. कोटांतल्या ठेंगण्या गृहस्थाचें नांव मात्र मला वडिलांस विचारावें लागलें.

हें मैदान ओव्हलचें. ज्या हिरवळीवर मसुरीस जन्मलेल्या स्कॉटिश अंमलदारानें १८७३ सालीं आपल्या देशाचा पहिला गोल केला, त्याच हिरवळीच्या कडेला अठ्ठ्याण्णव वर्षांनीं पुण्यास जन्मलेला हिंदी अंमलदार आपल्या देशाच्या पहिल्या विजयाचा साक्षी होता. इतिहासांत असे योगायोग येतात. त्यांतून कांहीं सिद्ध होत नाहीं, पण टिपून ठेवावे.

तीन वर्षांनीं, १९७४ सालीं, तोच कर्णधार, तेच व्यवस्थापक, तोच देश. या खेपेस आपण तिन्ही सामने हरलों, आणि लॉर्ड्सला आपला एक डाव अवघ्या ४२ धांवांत आटोपला. १९७१ ची आठवण काढणारे बहुतेक लेखक येथें पान उलटतात. दप्तर राखणाऱ्यास तसें करतां येत नाहीं. दोन्ही दौऱ्यांच्या कागदांवर व्यवस्थापक म्हणून एकच नांव आहे, व दोन्ही कागद एकाच बस्त्यांत बांधले पाहिजेत.

कर्नल अधिकारी मुंबईस २५ ऑक्टोबर २००३ रोजीं वारले. वय ८४ वर्षांचें होतें. गुलाम अहमदाबरोबरच्या त्यांच्या १०९ धांवांचा विक्रम तेव्हां अद्याप मोडावयाचा होता.